कळपातील स्थान आणि हृद्‌रोहिणी

हृद्रोगाची कारणे केवळ आहारातच असतात असे नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात जे. कॅप्लान व त्यांचे सहकारी यांनी मॅकाक माकडांतील नरांना पाच-पाचांच्या गटांत २२ महिने ठेवले. हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार सर्वांना सारखाच स्निग्ध होता. काही गटांतील सोबती मात्र अधूनमधून बदलले जात. तेथे वरचढ नरांना आपले स्थान पुनःपुन्हा प्रस्थापित करावे लागे. या गटांत दुय्यम नरांपेक्षा वरचढांच्याच हृद्‌रोहिण्यांत मेदाचे थर अधिक आढळले. उलट, स्थिर गटांत दुय्यमांची स्थिती काहीशी वाईट होती. रक्तातील मेद वा रक्तदाब यांवरून हा फरक उलगडत नव्हता. पुढे १९८७ मध्ये, हृदयाची उत्तेजना रोखणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाने अस्थिर गटांतील वरचढांचे रक्षण होते, असे दिसून आले. तात्पर्य, स्थैर्यात तारणारे उच्च स्थान अस्थैर्यात घातक ठरू शकते.