गाडी पाहण्याआधी डीपी पाहा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत मोठ्या गाडीचं आता कुणाला नवल वाटत नाही. उसाचं बिल, रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतली ठेकेदारी, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला. पैसा हातात आला की दारात एसयूव्ही येते. अलीकडे त्यांत हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. माझ्याकडे अशीच एक परदेशी बनावटीची आलिशान इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे, पुण्यातून सेकंडहँड घेतलेली. न्हावऱ्याला, केडगावला, पाटसला कुठेही थांबलो तरी कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, कशी आहे? घ्यावी का?" रस्त्यात उभं राहून याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून लिहितो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही.

चालवायला गाडी सुंदर आहे, यात वाद नाही. वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत डिझेल जाळत बसावं लागत नाही, आवाज नाही, ओव्हरटेक करताना छातीत धस्स होत नाही. प्रश्न गाडी बंद पडते तेव्हा सुरू होतो.

दौंडला मामींना सोलापूरच्या गाडीत बसवून स्टेशनबाहेर आलो, तर आमची गाडी उघडेना. दाराच्या मुठी आत गेलेल्या, रिमोटला दाद नाही. रिमोटच्या पोटात लपवलेली साधी किल्ली काढून दार उघडलं, तर आत सगळे पडदे काळे. मोठी बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती. मेली होती ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. पुष्कळांना हे ठाऊक नसतं की इलेक्ट्रिक गाडीतही अशी बॅटरी असते आणि मोठ्या बॅटरीचा वीजप्रवाह गाडीत सोडणारे स्विच तिच्याच जोरावर लागतात. ती गेली की नव्वद युनिट पोटात असूनही गाडी जागची हलत नाही.

रिक्षावाले धावून आले, एकाने दोरी आणली, एकाने ट्रॅक्टर बोलावतो म्हणून सांगितलं. मन मोठं असतं आपल्या माणसांचं. पण अशी गाडी दोरीने ओढायची नसते. हँडब्रेक विजेवरचा, तो सुटत नाही. आणि चाकं मोटरला जोडलेली असल्याने गाडी ओढली की मोटर फिरून वीज तयार करू लागते, त्यात आतली यंत्रणा जळू शकते. चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेड गाडीच लागते. ती पुण्याहून आली, मध्यरात्र उलटल्यावर.

छोटी बॅटरी बदलून भागलं असतं तर हा लेख लिहिला नसता. दोष होता तो मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये. तो भाग परदेशातून यायचा होता, आणि सबंध पावसाळा गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिली. मोठ्या बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि विकणारा तेवढंच ठासून सांगतो. कन्व्हर्टर, चार्जर, एअर सस्पेन्शन, पडदे हे सगळं गाडीच्या साध्या वॉरंटीत येतं, आणि ती केव्हाच संपलेली असते. त्या एका भागाच्या पैशात चांगल्या अवस्थेतली जुनी वॅगनआर आली असती. सेकंडहँड आलिशान गाडीचं खरं दुखणं इथे आहे. विम्याच्या तक्त्यातच चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरलेली असते, बाजारात तर त्याहून जास्त होते. गाडी निम्म्या किमतीत मिळते, स्पेअर पार्ट मात्र पुऱ्या किमतीतच घ्यावा लागतो.

हे माझ्याच नशिबी आलं असंही नाही. याच प्रकारच्या भागातल्या दोषासाठी भारतात २०२४ मध्ये ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. टाटांच्या मालकीच्या जग्वारने आय-पेसच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ६,४०० गाड्या परत बोलावल्या, आणि पुढच्या वर्षी तिथल्या २०१९ मॉडेलच्या सुमारे २,७६० गाड्या मालकांकडून विकत घ्यायची तयारी दाखवली. कंपन्यांनी दोष मान्य केला ही चांगलीच गोष्ट. म्हणून जुनी गाडी घेताना तिचा चासी नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन विचारा, रिकॉलचं काम झालं आहे का. आणि उत्तर लेखी मागा.

आता विजेकडे येतो, कारण शोरूमवाल्याला आपली वस्ती माहीत नसते. घरी बसवायचा चार्जर साधारण ७.४ किलोवॅटचा असतो. शेतकऱ्याच्या हिशेबात ती जवळपास १० एचपीची मोटर झाली. तीही एका फेजवर, रात्रभर चालणारी. नव्वद युनिटची बॅटरी तळापासून भरायला बारा तासांवर लागतात. गावठाण फीडरवरचं घर असेल तर मंजूर भार वाढवून घेऊन जमतं. वस्तीची डीपी, म्हणजे रोहित्र, शेतीच्या फीडरवर असेल, तर थ्री फेज पाळीने येते, एरवी सिंगल फेजवर व्होल्टेज इतकं पडतं की चार्जर आपोआप बंद होतो. आमच्याकडे तो लाल दिवा लावून बसायचा. वायरमनने मीटर लावून पाहिलं, तर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवं ते कितीतरी वर होतं. मुरमाड जमिनीत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला. नवी प्लेट घालून, मीठ-कोळसा भरून, उन्हाळ्यात पाणी घालत राहिलो तेव्हा दिवा हिरवा झाला.

आणि एक हात जोडून सांगतो: शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. घरच्या मीटरवर महिन्याला दीड हजार किलोमीटर धावणारी गाडी साडेतीनशेच्या आसपास युनिट घेते. घरच्या वापरात ते मिळवले की बिल पाचशे युनिटच्या पुढच्या, सगळ्यात महाग टप्प्यात जातं. तरीही डिझेलपेक्षा स्वस्तच पडतं, हे मान्य करायला हवं. पण गाडी अडीच टनांची असल्याने टायर लवकर झिजतात, आणि ते साध्या टायरपेक्षा बरेच महाग असतात.

गळीत हंगामात आपल्याकडे आणखी एक संकट येतं. ऊस तुटला की शेतातले उंदीर घराकडे सरकतात आणि बोनेटखाली जाऊन वायरी कुरतडतात. या गाडीत वायर तोडून जोडता येत नाही, अख्खा जुडगाच बदलायला सांगतात. उंदराचं नुकसान पॉलिसीत येतं का, बॅटरीच्या खालच्या पत्र्याला मार बसला तर काय, हे विमा घेतानाच विचारा. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्यांत मधला उंचवटा खाली घासतो, आणि गाडीची सगळ्यात महाग वस्तू नेमकी तिथेच असते.

घ्यायचीच असेल तर नवी घ्या, किंवा किमान दोन वर्षांची कंपनीची वाढीव वॉरंटी लेखी मिळत असेल तरच जुनी घ्या. घरात दुसरी साधी गाडी असू द्या. बिल, जॉबकार्ड, मेल सगळं जपा. फसवणूक झालीच तर ५० लाखांपर्यंत मोजलेल्या गाडीची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगात. आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.