दोषाचा शोध

आडव्या ओळी व उभे रकाने आखलेली हिशेबाची वही सर्वांच्या परिचयाची आहे. हीच वही संगणकाच्या पडद्यावर आणणाऱ्या आज्ञावलीस 'स्प्रेडशीट' म्हणतात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी रचलेली 'व्हिझीकॅल्क' ही अशी आज्ञावली १९७९ साली बाजारात आली. वहीतील एक आकडा चुकला, तर खालच्या साऱ्या बेरजा खोडून पुन्हा मांडाव्या लागतात. स्प्रेडशीटमध्ये त्या आपोआप बदलतात. परंतु हे चतुर साधनही कधी कधी रुसते. अशा वेळी काय करावे, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल.

एका गावी बारा स्त्रियांचा बचत गट होता. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी तीन वर्षांची जमा, कर्जे आणि हप्ते घरच्या संगणकावर 'एक्सेल'मध्ये नोंदविले होते. सभा उद्यावर आली होती. एका सभासद भगिनीस शिलाई यंत्रासाठी कर्ज द्यावे की नाही, हे शिल्लक पाहूनच ठरावयाचे होते. नेमक्या त्याच संध्याकाळी, रकमा भरू लागताच एक्सेल अकस्मात बंद पडू लागले. पुन्हा उघडावे, चार आकडे घालावेत, तोच पुन्हा बंद! बाई घाबरून गेल्या. पै पै करून साठविलेल्या पैशांचा हिशेबच नाहीसा झाला, तर त्या बायांना तोंड कसे दाखवावे?

थोरला मुलगा महाविद्यालयात शिकत होता. तो म्हणाला, "आई, सारे काढून टाकू आणि नव्याने बसवू." सातवीतील धाकट्या मुलीला हे पटेना. ती म्हणाली, "दादा, दुखणे कोठे आहे हे न पाहताच औषध द्यायचे का? आधी हिशेबाची नक्कल तरी काढून ठेवू."

तिचे म्हणणे आईला मानवले. हिशेबाच्या फाईलची नक्कल पेन ड्राइव्हवर उतरविण्यात आली, तेव्हा आईच्या जिवात जीव आला. मग मुलीने एक वही घेतली आणि काय केले असता काय घडते, हे ती क्रमाने लिहू लागली. संगणकातील इतर कामे सुरळीत चालत होती. म्हणजे बिघाड बहुधा फाईलमध्ये किंवा एक्सेलमध्ये होता. यांपैकी कोठे? तिने कोरे पान उघडले व त्यात आकडे भरले. एक्सेल पुन्हा बंद पडले! आईला वाईट वाटले, पण मुलीचा चेहरा उजळला. "आई, कोऱ्या पानावरही हेच घडते, तेव्हा दोष तुझ्या हिशेबात नाही."

आता दुसरी कसोटी. कंट्रोल हे बटण दाबून धरून एक्सेल उघडले, तर ते 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे बाहेरून जोडलेल्या 'ॲड-इन' नावाच्या उपआज्ञावलींवाचून चालू होते. तसे करताच आकडे निर्विघ्न भरता आले. तेव्हा दोष मूळ आज्ञावलीत नसून जोडणीत असावा. जोडण्या दोन होत्या. दोन्ही बंद केल्या. मग एकच चालू केली. काम नीट चालले. दुसरी चालू करताच एक्सेल बंद पडले. रकमा अक्षरांत लिहून देणारी ती जोडणी दादानेच मागील आठवड्यात बसविली होती! तो ओशाळून हसला. जोडणी काढली गेली आणि रात्री उशिरा का होईना, हिशेब पुरा झाला.

सर्वच वेळी कारण हेच असते असे नाही. कोऱ्या पानावर काम नीट चालून एकच फाईल अडत असेल, तर ती फाईल सदोष समजावी. ती दुरुस्त करून उघडण्याची सोय एक्सेलमध्ये आहे. कधी छपाई यंत्राची आज्ञावली बिघडलेली असते, तर कधी एक्सेलची नवी सुधारित आवृत्ती घेणे बाकी असते. कारणे अनेक; शोधाची रीत मात्र एकच : एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या गणकयंत्राचा बिघाड शोधताना त्यात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही जतन केलेली आहे. यंत्र मोठे असो वा लहान, निरीक्षण, नोंद आणि धीर ही तीन हत्यारे जवळ असली, म्हणजे दोष फार काळ लपून राहत नाही.

शब्दार्थ
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच. अकस्मात – एकाएकी. निर्विघ्न – अडथळ्यावाचून. ओशाळणे – शरमिंदे होणे.

स्वाध्याय
१. मुलीने सर्वांत आधी फाईलची नक्कल का काढली?
२. कोऱ्या पानावरही एक्सेल बंद पडले, तरी मुलीचा चेहरा का उजळला?
३. 'जिवात जीव येणे', 'तोंड दाखविणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. घरातील दिवा लागत नाही. त्याचे कारण शोधण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.