वासोटा : मेटापासून वाचायचा डोंगर

लोणंदहून साताऱ्यास आणि तेथून कास पठार ओलांडून बामणोलीस गेले, की शिवसागर जलाशय आडवा येतो. लाँचने पैलतीरी उतरल्यावर जे ठिकाण लागते, त्याचे नाव मेट इंदवली. वासोटा किल्ल्याची चढण येथून सुरू होते. बहुतेक प्रवासी हे नाव ऐकून पुढे निघतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे क्षणभर थांबावे.

मेट म्हणजे गडाच्या उतारावरची किंवा पायथ्याची पहाऱ्याची चौकी. गडाचे अंमलदार वर तटबंदीच्या आत राहत. खालच्या रानात पहारा करणारे लोक वेगळे असत. सातारा येथे कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. रामोशी आणि परवारी, म्हणजे महार, यांच्याकडे बाहेरच्या चौक्या असत. वाटांवर नजर ठेवणे, बातमी आणणे, शत्रूची दिशाभूल करणे ही त्यांची कामे. त्याबद्दल गडकऱ्यांना वंशपरंपरेने जमिनी मिळत. गडाचा पहिला तट दगडाचा नव्हता. तो या माणसांचा होता.

दुसरा तट झाडीचा होता. गडाभोवतीचे रान जपावे आणि वाढवावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे. त्यामागे हेतू संरक्षणाचा होता. पण त्यामुळे जंगलालाही अभय मिळाले. असा हा दुर्गम वासोटा पुढे कैदखाना म्हणूनही वापरला गेला. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतील काही इंग्रज येथे कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या आणि गड घेतला; तेव्हा छत्रपती प्रतापसिंहांचे कुटुंबीय येथेच अटकेत होते. त्यानंतर गडाचे लष्करी महत्त्व संपले. पहारा उठला, रान राहिले.

१९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले आणि खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. ही माणसे त्याआधीच उठली होती. ज्याच्या नावावर जमीन, त्याला काही मोबदला मागता आला. ज्याचा आधार केवळ गावकीचा आणि राबणुकीचा, त्याने काय दाखवावे?

१९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. आज मेट इंदवलीस वन विभागाची चौकी आहे. चौकीच्या जागी पुन्हा चौकीच आली. जंगल वाचले, याचा आनंदच आहे. सम्राट अशोकाने विनाकारण वने जाळू नयेत, अशी आज्ञा स्तंभलेखात कोरली होती; मात्र त्याच लेखांत प्रजेच्या हिताची आणि सुखाची चिंताही पदोपदी दिसते. वन आणि माणूस यांना त्याने एकमेकांविरुद्ध उभे केले नाही.

आज वासोट्यावरील माहितीत राजे, सरदार, कैदी, वनस्पती आणि प्राणी यांची नावे सापडतात. मेटावर रात्र जागवणाऱ्याचे आणि नंतर त्या खोऱ्यातून उठलेल्याचे नाव सहसा सापडत नाही. ते कोणी पुसले असेलच असे नाही. पुष्कळदा ते लिहिलेच गेले नव्हते. न लिहिलेले मात्र आपल्याला आजही लिहिता येते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. आपल्या घराण्यात कोयना खोऱ्यातून आलेले कोणी असेल, तर वडीलधाऱ्यांजवळ बसावे. मूळ गाव, गावातील आपली वस्ती, कसत असलेली जमीन, पाणवठा, गाव सोडल्याचे साल आणि पुढचा प्रवास हे सारे एका वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या वेळी मुलांना वासोट्यावर नेताना ती वही सोबत असू द्यावी आणि धड्याची सुरुवात माथ्यावर नव्हे, मेटावर करावी.