कॉपी आणि आपली मुले : विद्यार्थ्यांच्या मनाचा एक अभ्यास

फेब्रुवारी-मार्च महिना आला की बारावीच्या आणि पाठोपाठ दहावीच्या परीक्षा सुरू होतात. त्याबरोबरच वर्तमानपत्रांत भरारी पथकांच्या, पकडलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि खिडकीतून आत टाकलेल्या चिठ्ठ्यांच्या बातम्याही येऊ लागतात. पुढे निकाल लागतो, पेढे वाटले जातात, गुणवंतांचे सत्कार होतात आणि त्या बातम्या आपण विसरून जातो. कॉपीविषयी बोलायचे ते बंदोबस्ताच्या भाषेत, एवढीच आपली समजूत झाली आहे. जो मुलगा किंवा मुलगी कंपासपेटीत चिठ्ठी घालून परीक्षेला जाते, तिच्या मनात त्या वेळी नेमके काय चालते, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. या लेखात आम्ही तो करण्याचा प्रयत्न करीत आहोत.

हा प्रश्न केवळ आपला नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉपी ही केवळ खेड्यातल्या किंवा गरीब घरच्या मुलांची खोड आहे, असे काही लोक मानतात. मार्च २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील एका परीक्षा केंद्राची छायाचित्रे जगभर छापली गेली. नातेवाईक इमारतीच्या भिंतीवर चढून खिडक्यांतून मुलांना कागद पुरवीत होते. त्या वर्षी बिहारमध्ये दहावीचा निकाल ७५ टक्क्यांच्या आसपास लागला. पुढच्या वर्षी बंदोबस्त कडक होताच तो ४७ टक्क्यांच्याही खाली आला.

परंतु श्रीमंत अमेरिकेचे चित्र तरी काय आहे? तेथील जोसेफसन इन्स्टिट्यूट या संस्थेने २००८ साली सुमारे तीस हजार हायस्कूल विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. गेल्या वर्षभरात परीक्षेत फसवणूक केल्याचे ६४ टक्के विद्यार्थ्यांनी कबूल केले. त्याच पाहणीत ९३ टक्के विद्यार्थ्यांनी आपण आपल्या नीतिमत्तेविषयी आणि चारित्र्याविषयी समाधानी आहोत असे सांगितले. २०१२ च्या पाहणीत फसवणुकीचे प्रमाण ५१ टक्क्यांवर आले, तरीही निम्म्याहून अधिक मुले ती करीतच होती.

या दोन आकड्यांकडे वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावे. कॉपी करणारा मुलगा स्वतःला वाईट समजत नाही. चोरी वाईट, खोटे बोलणे वाईट, हे त्याला ठाऊक असते आणि मान्यही असते. मात्र कॉपी ही चोरी आहे, असे त्याला वाटत नाही. आमच्या मते खरी अडचण येथेच आहे.

मुले काय म्हणतात?

ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली बालगुन्हेगारीविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. चुकीच्या मार्गाला लागलेली मुले समाजाचे नियम झुगारून देत नाहीत. ती फक्त त्या वेळेपुरते नियम बाजूला ठेवण्यासाठी सबबी शोधतात, असे त्यांनी म्हटले. अशा सबबींचे त्यांनी पाच प्रकार सांगितले. आपल्या मुलांशी मोकळेपणाने बोलले तर जी वाक्ये ऐकू येतात, ती या पाच प्रकारांत नेमकी बसतात.

पहिली सबब : "शिकवलेच नाही, मग आम्ही करणार काय?" या वाक्यात पुष्कळ तथ्य आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. अनेक शाळांत गणिताला किंवा इंग्रजीला वर्षभर शिक्षक नसतो. परंतु विद्यार्थ्यांनी हे समजून घ्यावे की चिठ्ठी या अन्यायावर पांघरूण घालते. ज्या शाळेत गणित शिकवलेच गेले नाही, तिचा निकाल नव्वद टक्के लागला, तर शिक्षकाची मागणी कोणत्या तोंडाने करायची? अधिकारी तो निकालच पुढे करतील. शाळेच्या दुरवस्थेचा जो एकमेव पुरावा होता, तो कॉपीने पुसून टाकलेला असतो.

दुसरी सबब : "यात कुणाचे काय बिघडले?" बिघडते. अकरावीचा प्रवेश, तंत्रनिकेतनाची जागा, वसतिगृहाची खोली, या सर्व गोष्टी गुणांच्या यादीवर ठरतात. यादीत एक नाव वर सरकले की दुसरे खाली जाते. खाली गेलेला मुलगा समोर दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे नव्हे. कदाचित तो आपल्याच वस्तीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा मुलगा असेल.

तिसरी सबब : "शाळेने आमच्याकडून पैसे घेतले, त्यांना फसवले तर काय झाले?" ज्याच्यावर राग आहे त्याला फसवणे म्हणजे जणू न्याय, असा हा विचार आहे. पण उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक त्या शाळेचे नसतात आणि मिळालेले गुणपत्रक शाळेजवळ राहत नाही. ते आयुष्यभर आपल्याजवळ राहते.

चौथी सबब : "सगळेच करतात. खुद्द सरच उत्तरे सांगतात." ही सबब ऐकताना आपण मोठ्या माणसांनी मान खाली घालावी, अशीच परिस्थिती आहे. शाळेचा निकाल घसरला तर शाळेचे नाव जाते, तुकडीचा पट कमी होतो, म्हणून काही ठिकाणी संस्थाचालक आणि शिक्षकच डोळेझाक करतात. हमखास पास करणारी केंद्रे म्हणून काही गावांची ख्याती होते आणि शहरातली मुले सतरा नंबरचा अर्ज भरून तेथे बसायला जातात. मुलांनी हे सारे पाहिलेले असते. त्यांना 'सत्याने वागा' असे सांगणाऱ्याच्या शब्दाला मग वजन उरत नाही.

पाचवी सबब सर्वांत अवघड आहे : "आईवडिलांनी मजुरी करून शिकवले. नापास होऊन घरी कोणते तोंड दाखवू?" किंवा, "जिवलग मित्राने उत्तर विचारले, त्याला नाही कसे म्हणू?" येथे मुलगा लबाडीपोटी कॉपी करीत नाही. तो प्रेमापोटी, उपकाराच्या जाणिवेपोटी करतो. अशा मुलाला गुन्हेगार म्हणून धमकावल्याने काहीही साधत नाही. त्याला इतकेच समजावावे लागते की आईवडिलांनी पैसे खर्च केले ते ज्ञानासाठी. ते पदरात न पडता नुसता कागद घरी नेला, तर त्यांच्या घामाचे चीज झाले असे म्हणता येणार नाही.

धाकाने काय साधते?

आपल्या राज्यात परीक्षेतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा १९८२ साली झाला. याखेरीज राज्य मंडळाची स्वतःची शिक्षासूची आहे. गैरमार्ग सिद्ध झाल्यास संपादणूक रद्द होते आणि पुढील परीक्षांना बसण्यास प्रतिबंधही होऊ शकतो. २०१० साली नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यात कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने राबवली. तेथील निकाल एकदम खाली आला आणि आधीच्या टक्केवारीत किती हवा होती ते उघड झाले. त्यानंतर कॉपीमुक्त अभियान राज्यभर घेण्यात आले. पुढे मोबाइल फोन आले. प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाटण्याची जी सवलत होती, तिचा गैरफायदा घेतला जाऊ लागला. म्हणून २०२३ पासून ती रद्द करून ती दहा मिनिटे पेपरच्या शेवटी देण्यात आली.

बंदोबस्त आवश्यक आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु केवळ धाकावर विसंबून राहिले तर काय होते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशाने घालून दिले आहे. तेथे १९९२ साली कॉपीविरोधी कडक कायदा आला. कॉपी हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. विद्यार्थ्यांना अटक होऊ लागली. त्या वर्षी तेथील दहावीचा निकाल १५ टक्क्यांच्याही आत लागला. मुलांना शिकवण्याची व्यवस्था मात्र होती तशीच राहिली. लोकांत संताप पसरला, तो निवडणुकीचा प्रश्न झाला आणि सरकार बदलल्यावर तो कायदा मागे घेण्यात आला.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली आणि १९२८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची प्रामाणिक आणि अप्रामाणिक अशी सरळ विभागणी करता येत नाही, असे त्यांना आढळले. एकच मूल एका प्रसंगी सचोटीने वागते, तर दुसऱ्या प्रसंगी फसवते. वर्गातले वातावरण, सोबती आणि संधी यांचा वर्तनावर मोठा परिणाम होतो. नुसत्या उपदेशाचा परिणाम त्या मानाने फार थोडा. यावरून आम्ही असा बोध घेतो की मुलांना दोष देण्याआधी त्यांच्याभोवतीची परिस्थिती सुधारली पाहिजे.

नुकसान कोणाचे?

ज्यांच्या घरी शेती आहे, दुकान आहे, ओळखीपाळखी आहेत, त्यांचा मुलगा कॉपी करून पास झाला तरी त्याचे फारसे अडत नाही. त्याला टेकू देणारे इतर पुष्कळ असतात. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचले आहे, त्यांच्याजवळ शिक्षणाखेरीज दुसरे भांडवल नाही. ते भांडवलच खोटे निघाले तर पुढे काय? चिठ्ठीवर दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाच्या वर्गात पहिल्याच महिन्यात गांगरतो. त्याला वाटते, आपल्याला डोकेच नाही. डोके असते, पाया घातलेला नसतो. अशी किती मुले मुकाट्याने कॉलेज सोडून कामाला लागतात!

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या समाजातील मुलांच्या गुणवत्तेकडे संशयाने पाहणाऱ्यांची आजही उणीव नाही. एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाली की त्या केंद्राच्या प्रत्येक गुणपत्रकाकडे संशयाने पाहिले जाते. जी मुलगी पहाटे उठून, पाणी भरून, मग अभ्यास करून पास झाली, तिच्या गुणांनाही तोच डाग लागतो. तिने तो कोणत्या साबणाने धुवायचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढली तर ती अडतीसच्याही आत भरते. आजचा एखादा पालक असे गुणपत्रक शेजाऱ्यांपासून लपवून ठेवील! पण ते गुण त्यांचे स्वतःचे होते आणि त्यांच्यामागचे वाचनही त्यांचे स्वतःचे होते. त्याच पायावर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ आणि १९१६ साली लंडन उभे राहिले. कमी गुणांनी वाट बंद होत नाही, हे आपल्या मुलांना सांगण्यासाठी याहून मोठे उदाहरण कोठून आणावे?

आपण काय करू शकतो?

केवळ दोष दाखवून लेख संपवणे योग्य नाही. आपल्या वस्तीत, आपल्या संस्थेत सहज करता येतील अशी काही कामे आम्ही सुचवितो.

१) मुलाची गणिताची आणि इंग्रजीची भीती आठवीतच ओळखावी. दहावीच्या जानेवारीत शिकवणी लावून उपयोग नसतो. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी या दोन विषयांना दिल्या तरी मोठे काम होईल.

२) परीक्षेआधी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून सोडवून घ्याव्यात. वेळ पुरणार नाही ही भीती गेली की चिठ्ठीची ओढ निम्मी कमी होते.

३) नापास होणे म्हणजे वर्ष बुडाले, हे आता खरे राहिलेले नाही. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतली जाते. ही माहिती पालकांना परीक्षेच्या आधीच द्यावी. घरातला धाक कमी झाला की मुलाचा जीव भांड्यात पडतो.

४) मित्राला नाही म्हणणे हेही शिकवावे लागते. "पेपरमध्ये सांगणार नाही, पण आज संध्याकाळी तुझ्याबरोबर बसून उद्याचा धडा समजावतो," हे वाक्य मुलाच्या तोंडी घालून द्यावे. त्याने मैत्रीही राहते आणि परीक्षाही.

५) पालकांनी केंद्राच्या आवारात गर्दी करू नये, 'सेटिंग' कोठे होते याची चौकशी तर मुळीच करू नये. बाप चिठ्ठी पुरवायला भिंतीशी उभा राहिला, तर मुलाने त्याच्याकडून पुढे काय शिकायचे?

६) आपल्या संस्थांनी सत्काराची पद्धत बदलावी. नव्वद टक्के मिळवणाऱ्याबरोबरच, एकदा नापास होऊनही पुन्हा अभ्यास करून स्वतःच्या बळावर पंचेचाळीस टक्के मिळवणाऱ्यालाही व्यासपीठावर बोलवावे.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षागृहात पर्यवेक्षकांची पाठ वळते, तो क्षण लहान असतो. त्या क्षणी तुम्ही काय करता हे कदाचित कोणालाही कळणार नाही. पण उद्या दवाखान्यात इंजेक्शन देताना, विजेची तार जोडताना, बँकेत हिशेब मांडताना तुमच्या हातात काय आहे, ते समोरच्या माणसाला कळल्यावाचून राहणार नाही. त्या दिवसासाठी आज अभ्यास करा. जे येत नाही ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि तुम्ही विचारायला याल तेव्हा तुम्हाला वेळ देणे, ही आम्हा वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे. या वर्षी ती आपण सर्वांनी पार पाडू या.