पाच डॉलरची बॅग, आठ डॉलरची बॅग: पेलेटच्या ब्रँडमध्ये फरक नेमका कशाचा?



बायोमास पेलेटचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, अमेरिकेत आणि युरोपात लोक थंडीत घर गरम ठेवायला लाकडाचे पेलेट जाळतात. तिथे अठरा किलोची बॅग पाच ते आठ डॉलरला विकली जाते. आपल्याकडे पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार शेतातच पेटवून देतात. मशीन टाकून आपला ब्रँड काढला तर?"

प्रश्न बरोबर आहे. पण मशीनचं कोटेशन घेऊन बँकेत जायच्या आधी तिथलं गिऱ्हाईक दोन बॅगांपैकी एक कशी निवडतं, हे आज नीट समजून घेऊ. एकाच दुकानात एक बॅग पाच डॉलरला आणि दुसरी आठला का? लोक वरचे तीन डॉलर कशासाठी देतात? पेलेटमध्ये पैसे घालायचे की नाही, हे याच उत्तरावर ठरतं.

आधी ती शेगडी बघा. पेलेट स्टोव्ह म्हणजे आपली चूल किंवा बंब नव्हे. वर एक हॉपर असतो, त्यात बॅग ओतायची. खाली मोटरवर फिरणारा स्क्रू थोडे थोडे पेलेट एका लहानशा वाटीत टाकत राहतो, पंखा हवा देतो, आणि थर्मोस्टॅट सांगेल तसं जळण कमी-जास्त होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफिल्ड या विमान-अभियंत्याने घरगुती पेलेट स्टोव्ह बाजारात रुजवला. त्याआधीच्या दशकात तेलाच्या भावाने लोकांचं कंबरडं मोडलं होतं, आणि लाकूड कापणाऱ्या गिरण्यांच्या बाहेर भुशाचे ढीग पडून होते. तो भुसा वाळवून भोकाच्या डायमधून प्रचंड दाबाने काढला की घर्षणाने गरम होतो, लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि थंड झाल्यावर तेच डिंकासारखं धरून ठेवतं. वेगळा गोंद लागत नाही.

म्हणजे ही मशीनमध्ये जाणारी वस्तू आहे. माणूस चुलीत ओलं लाकूड आलं तर बाजूला सारतो, फुंकर घालतो. स्क्रू आणि पंखा हे करत नाहीत. त्यांना प्रत्येक पेलेट मागच्यासारखाच लागतो.

यासाठी प्रतवारी आहे. युरोपात २०१० पासून एनप्लस नावाचा शिक्का चालतो. त्यात ए-१, ए-२ आणि बी अशा तीन प्रती आहेत. घरगुती स्टोव्हसाठी ए-१ घेतात. त्यात राख ०.७ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, ओलावा १० टक्क्यांपर्यंत, बॅगेत भुकटी अर्ध्या टक्क्यापर्यंत, लांबी ४० मिलिमीटरच्या आत, आणि एका किलोत निदान ४.६ युनिट उष्णता. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच, किलोवॅट-तास.) ए-२ ला १.२ टक्के राख चालते, बी ला २ टक्के. अमेरिकेत पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटची प्रतवारी आहे. तिच्यात प्रीमियम म्हणजे राख १ टक्क्याच्या आत, स्टँडर्ड म्हणजे २ टक्क्यांच्या आत.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, महाग बॅग जास्त उष्णता देत असणार. गणित करून बघू. समजा दोन बॅगा आहेत, दोन्ही १५ किलोच्या. पहिली ५.४० युरोची, तिच्यात ओलावा ६ टक्के. दुसरी ५ युरोची, ओलावा १० टक्के. लाकूड तेच. पहिलीत किलोला साधारण ४.८७ युनिट मिळतात, दुसरीत ४.६३. बॅगेचा हिशेब केला तर पहिली ७३ युनिट, दुसरी साडेएकोणसत्तर. एका युनिटचा खर्च पहिलीत ७.४ सेंट, दुसरीत ७.२ सेंट. बॅगेच्या भावात आठ टक्के दिसणारा फरक उष्णतेच्या हिशेबात तीन टक्क्यांच्या आत आला. तरी स्वस्त बॅग स्वस्तच राहिली!

कोरडं लाकूड, मग ते कुठल्याही झाडाचं असो, किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं. थोडा फरक आहे, पण लोक समजतात त्याच्या उलटा. ओक, मेपल यांसारखं कठीण लाकूड जास्त तापतं असं तिथले बरेच लोक धरून चालतात. ओंडका जाळताना ते खरं वाटतं, कारण त्याच आकारात जास्त वजन असतं. पण पेलेट दाबूनच बनतो आणि किलोवर विकला जातो. किलोला किलो तोलला तर देवदार-पाइनच्या जातीचं मऊ लाकूडच थोडं पुढे जातं, कारण त्यात राळ आणि लिग्निन जास्त असतं. बॅगेवर "हार्डवुड" किंवा "सॉफ्टवुड" मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्यावर मी तरी जास्त पैसे देणार नाही.

मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? राखेचे. किंवा खरं म्हणजे, राख न काढावी लागण्याचे.

थंड राज्यातलं एक घर एका हिवाळ्यात तीन टन पेलेट जाळतं असं धरू. अमेरिकन टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० बॅगा, म्हणजे एकूण दीडशे बॅगा, सुमारे २,७२० किलो. राख ०.४ टक्के असेल तर पूर्ण हिवाळ्यात ११ किलो राख. १ टक्का असेल तर २७ किलो. दोन्ही बॅगांवर "प्रीमियम"च लिहिलेलं असू शकतं, कारण दोन्ही १ टक्क्याच्या मर्यादेत बसतात. पण एका घरात बाईमाणूस आठवड्यातून एकदा स्टोव्ह साफ करेल आणि दुसऱ्या घरात दर दोन-तीन दिवसांनी थंड स्टोव्हपुढे गुडघ्यावर बसावं लागेल, बाहेर बर्फ पडत असताना. वरचे पैसे लोक त्यासाठी देतात.

राखेचा दुसरा त्रास जास्त वाईट. राख वाटीतच वितळून तिचे काचेसारखे खडे झाले की हवेची भोकं बंद होतात, ज्योत पिवळी-काळी होते, काच काजळते आणि शेवटी स्टोव्ह आपोआप बंद पडतो. आपले बॉयलरवाले याला क्लिंकर म्हणतात. राखेत सिलिका आणि पोटॅशियम जास्त असलं की ती लवकर वितळते. स्वच्छ, साल काढलेल्या लाकडात हे कमी असतं. सालीत जास्त असतं, आणि ओंडके चिखलातून ओढत आणले असतील तर मातीही येते.

भुकटीचंही तसंच. बॅगेच्या तळाला मूठभर भुसा दिसला तर तो स्क्रूत दाटतो किंवा न जळता उडून जातो. पेलेटची लांबी तर कोणी बघतच नाही. आखूड पेलेट स्क्रूत दाट बसतात, मिनिटाला जास्त जळण पडतं. लांब असले तर हॉपरमध्ये आडवे अडकून पूल होतो आणि विस्तव विझतो. स्टोव्ह बिघडला म्हणून मेकॅनिकला फोन जातो आणि दोष निघतो बॅगेत.

ब्रँडच्या नावाबद्दल थोडं. अमेरिकेत लिग्नेटिक्स ही एकच कंपनी वेगवेगळ्या नावांनी पेलेट विकते. एकाच नावाची बॅग दोन वेगळ्या गिरण्यांतून आलेली असू शकते, आणि एकाच गिरणीचा मालसुद्धा मागे पुरवठा करणाऱ्या सॉमिलचं लाकूड बदललं की बदलतो. म्हणून तिथले जाणकार लोक हिवाळ्याआधी दोन-तीन ब्रँडच्या चार-पाच बॅगा आणतात, स्टोव्ह पूर्ण साफ करतात, एका ब्रँडच्या बॅगा जाळतात, राख तोलतात, पुन्हा साफ करून दुसरा लावतात. मग एकाच लॉटचे दोन-तीन टन एकदम उचलतात. एनप्लसच्या बॅगेवर तर शिक्क्याखाली देशाची दोन अक्षरं आणि उत्पादकाचा किंवा व्यापाऱ्याचा नंबर असतो. तो नंबर यादीत तपासता येतो.

त्या नंबरची किंमत २०२२ मध्ये कळली. युद्धामुळे युरोपीय संघाने रशिया आणि बेलारूसचं लाकूड बंद केलं, गॅस महागला, आणि इटलीसारख्या देशात, जिथे घरोघरी पेलेट स्टोव्ह आहेत, पाच युरोच्या आसपासची बॅग दहाच्या पुढे गेली. टंचाईत बनावट शिक्क्याच्या बॅगा आल्या, पैसे घेऊन माल न पाठवणाऱ्या वेबसाइट आल्या. छापलेलं नाव कोणीही चोरू शकतो, पण तपासता येणारा नंबर चोरला की पकडला जातो.

आता आपल्या कुटाराकडे या.

लाकडाच्या पेलेटचं मानक वेगळं आहे आणि शेतीच्या अवशेषांच्या पेलेटचं वेगळं. या दुसऱ्या मानकात वरच्या प्रतीलासुद्धा ६ टक्क्यांपर्यंत राख चालते. मघाचं गणित ६ टक्क्यांना लावा: त्याच घरात एका हिवाळ्यात १६३ किलो राख. ११ किलोच्या जागी १६३! भाताच्या तुसात तर राख १५ ते २० टक्के असते आणि त्यात बहुतेक सिलिका. तुराट्या, पऱ्हाटी स्वच्छ असतील तर बरंच कमी, पण शेतातून दाताळ्याने ओढून गोळा केल्यावर माती चिकटतेच. पोटॅशियम आणि क्लोरीन हे शेतीच्या अवशेषांत मुळातच जास्त असतं. घरगुती स्टोव्ह दोन दिवसांत खड्यांनी भरेल. म्हणजे परदेशातल्या दिवाणखान्याचा विचार कुटाराच्या भरवशावर करू नका. त्यात वस्तू किलोला तीस-चाळीस सेंटची, आणि तीही तिथल्या दुकानातल्या भावाने. त्यातून जहाजाचं भाडं, दुकानदाराचं मार्जिन आणि बॅग काढा, मग तुमच्या हातात काय उरतं ते कागदावर मांडा.

पण हेच पेलेट जिथे राख काढायची सोय आहे तिथे चालतात: बॉयलर, रंगाई-प्रक्रियेचे कारखाने, फरसाणाच्या मोठ्या भट्ट्या. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये कोळशाच्या वीज केंद्रांसाठी असे पेलेट कोळशात मिसळण्याचं धोरण नव्याने आणलं. २०२३ च्या बदलात हे प्रमाण २०२४-२५ साठी ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के ठरलं. तिथलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "जीसीव्ही किती?" इथे एक सापळा आहे. एक विक्रेता पूर्ण वाळवलेल्या मालावरचा आकडा सांगतो, दुसरा आहे त्या ओलाव्यासकट. युरोपच्या ए-१ चे ४.६ युनिट म्हणजे किलोला सुमारे ३,९५० किलोकॅलरी होतात. तो ओलाव्यासकट आणि वाफेतली उष्णता वजा करून मिळालेला निव्वळ आकडा आहे. आपल्याकडचा कोणी "४,२०० आहे साहेब" म्हणाला तर तो युरोपपेक्षा चांगला माल विकतोय असं होत नाही. आधी विचारा, कोरड्यावर की जसाच्या तसा? ग्रॉस की नेट? दोन कोटेशन एकाच पायावर आणल्याशिवाय शेजारी ठेवू नका.

विकणारे तुम्ही असाल तर हेच उलटं वापरा. बाजारात बहुतेक जण फक्त जीसीव्ही सांगतात. तुम्ही प्रत्येक लॉटसोबत ओलावा, राख आणि भुकटी असे तीन आकडे लेखी द्या, गोणीवर लॉट नंबर टाका. माती कमी करायला डायच्या आधी फिरती चाळणी लावा. तिचा खर्च राखेच्या आकड्यात दिसतो आणि डाय कमी झिजतो, हे वर.

गोदामाचं एक महत्त्वाचं सांगतो, कारण मशीनवाला हे सांगत नाही. लाकडाचे ताजे पेलेट मोठ्या प्रमाणात बंद खोलीत साठवले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही. युरोपात घरांच्या पेलेट-कोठारांत शिरून माणसं दगावलेली आहेत. त्यामुळे खोलीला आरपार हवा हवी, आणि बंद असलेलं गोदाम उघडल्यावर लगेच आत शिरायचं नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या भागातल्या दोन पेलेट विक्रेत्यांकडून एकेक गोणी विकत घ्या. नमुना म्हणून मागू नका, नमुना नेहमी चांगलाच मिळतो. आणल्या आणल्या वरचे, मधले आणि तळाचे पेलेट मिसळून एक किलो हवाबंद डब्यात भरून ठेवा, प्रयोगशाळेत ओलावा आणि राख तपासायला तोच द्यायचा. मग उरलेली पूर्ण गोणी तीन मिलिमीटरच्या आसपासच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली भुकटी तोला. पाच-सहा पेलेट ग्लासभर पाण्यात टाका. चांगला दाबलेला पेलेट बुडतो आणि काही मिनिटांत फुगून भुसा होतो, तरंगला तर दाब कमी पडलाय. रिपोर्ट आला की वरची कागदपट्टी बघा: आकडे "ॲज रिसीव्हड" आहेत की "ड्राय बेसिस", तिथेच लिहिलेलं असतं.