परीक्षेची धास्ती : पालकांनी काय पाहावे?

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली, की मुलांना थोडी धाकधूक वाटणारच. तो आजार नव्हे. मात्र झोप उडणे, जेवण कमी होणे, वारंवार डोके वा पोट दुखणे, मित्रांना टाळणे, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलणे, अशा तक्रारी दोन आठवडे टिकल्या तर 'अभ्यास टाळण्याची नाटके' म्हणून रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे.

२०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. म्हणून मूल फार निराश दिसल्यास 'जीव द्यावासा वाटतो का?' असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मन मोकळे होते. उत्तर 'हो' आले तर मुलाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते.

रोज निदान आठ तास झोप हवी. वाचलेले झोपेतच पक्के होते. शेजारच्या मुलाशी तुलना नको. नापास झाल्यास त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, हे निकालानंतर नव्हे, आजच मुलाला सांगून ठेवावे.