रब्बी टोमॅटो: आधी झेंडू पेरा, मग टोमॅटो

रब्बी टोमॅटोची तयारी सुरू करताना आपण आधी वाण ठरवतो, मग मल्चिंग आणि ठिबकचा हिशेब मांडतो. सोबतीची पिके आठवतात ती लागवड उरकल्यावर, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. सोबतीचे पीक कोणते घ्यावे यापेक्षा ते कधी पेरावे, हे जास्त महत्त्वाचे आहे.

झेंडूचे गणित

फळ पोखरणाऱ्या अळीचा मादी पतंग फुलोऱ्यातल्या झेंडूकडे ओढला जातो आणि टोमॅटोऐवजी तिथे अंडी घालतो. पण त्यासाठी टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला हवा. म्हणून पुनर्लागवडीच्या दिवशी झेंडूचे रोप 40 ते 45 दिवसांचे आणि टोमॅटोचे सुमारे 25 दिवसांचे असावे, ही शिफारस आहे. म्हणजेच झेंडूचे बी टोमॅटोच्या साधारण 20 दिवस आधी पडले पाहिजे. 20 ऑक्टोबरच्या सुमारास लागवड करायची असेल, तर झेंडू सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि टोमॅटो 25 सप्टेंबरच्या आसपास रोपवाटिकेत पेरावा.

उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू निवडावा. टोमॅटोच्या 16 ओळींनंतर झेंडूची एक ओळ पुरते. गादीवाफ्यावर दोन ओळी असतील तर दर आठ वाफ्यांनंतर झेंडूची एक ओळ येते.

झेंडूचा सापळा लावला की काम संपत नाही. झेंडूवरच्या अळ्या वेचून नष्ट केल्या नाहीत, तर तिथेच त्यांची पुढची पिढी तयार होते. फुले वेळेवर तोडा आणि न विकलेली फुले बांधावर टाकू नका. गरज पडली तर लागवडीनंतर साधारण चार व पाच आठवड्यांनी एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक एकरी 100 एलई (अळी समतुल्य) या प्रमाणात फवारावे. फवारणी सायंकाळीच करा, कारण उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो. कोरड्या हवेत झेंडूवर लाल कोळीही येते, तेव्हा पानांची खालची बाजू बघत राहा.

कडेला मका, बांधाला चवळी

पांढरी माशी पर्णगुच्छ रोग आणते, तर फुलकिडे शेंडेमरचा विषाणू पसरवतात. या उडत्या किडींना अडवण्यासाठी प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी घ्याव्यात. त्या टोमॅटो लागवडीच्या किमान तीन आठवडे आधी पेरल्या, तरच रोपे वाफ्यावर येईपर्यंत आडोसा उभा राहतो. टोमॅटो आणि मका यांत दोन-तीन फूट अंतर ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या मक्याची सावली टोमॅटोवर पडू नये म्हणून त्या बाजूला हे अंतर थोडे वाढवावे. मक्याच्या कणसातही फळ पोखरणारी अळी येते. कणसे तपासत राहा.

चवळीवर मावा आला की त्यामागे ढालकिडे येतात, हा तिचा मोठा फायदा. शेजारच्या उभ्या पिकाला चवळीकडून लगेच नत्र मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तो लाभ तिची मुळे जमिनीत कुजल्यावर पुढच्या पिकाला होतो. कोथिंबिरीची थोडी झाडे फुलावर सोडली, तर मित्रकीटकांना मकरंद आणि पराग मिळतो.

परसबागेतला वाफा

चार फूट रुंद आणि आठ फूट लांब वाफ्यात टोमॅटोच्या दोन ओळींत मिळून आठ झाडे पुरेत. कडेने कोथिंबीर आणि लसूण लावावा, दोन्ही टोकांना एकेक झेंडू. यापेक्षा जास्त गर्दी केली तर हवा खेळत नाही, पाने ओली राहतात आणि ढगाळ थंडीत करपा बळावतो. झाडे बांबू व सुतळीने बांधून घ्या, खालची पाने काढा आणि पाणी मुळाशीच द्या.

यांना दूर ठेवा

बटाटा, वांगी आणि मिरची ही टोमॅटोच्याच कुळातली. त्यांच्या अनेक किडी आणि रोग सारखेच. भेंडीवर पांढरी माशी आणि सूत्रकृमी दोन्ही पोसले जातात. काकडीवर्गीय वेलांवरून मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत टोमॅटोवर येऊ शकतो.

सूत्रकृमी असतील तर

मुळांवर गाठी दिसत असतील, तर मधे-मधे लावलेल्या चार झेंडूंनी फारसा फरक पडत नाही. झेंडूच्या मुळांचा परिणाम मुळांच्या जवळपासच होतो. त्यासाठी संपूर्ण वाफ्यावर दाट झेंडू घ्यावा. दसरा-दिवाळीसाठी लावलेला झेंडू इथे उपयोगी पडतो. फुले विकून झाल्यावर झाडे उपटून फेकू नका. बारीक करून त्याच वाफ्यात गाडा आणि जानेवारीत तिथे उन्हाळी टोमॅटो घ्या.

सोबतीची मर्यादा

टोमॅटोवरील टुटा नागअळी 2014 मध्ये महाराष्ट्रात आढळली. ती झेंडूने रोखली जात नाही. तिच्यासाठी स्वतंत्र कामगंध सापळे लावावेत आणि नागमोडी चट्टे पडलेली पाने व पोखरलेली फळे प्लॉटबाहेर नेऊन नष्ट करावीत. सोबतीच्या पिकांनी औषधांची गरज कमी होते, पण संपत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा प्लॉटमध्ये फेरी मारा, झेंडू आणि टोमॅटो दोन्ही तपासा आणि प्रत्यक्ष जे दिसेल त्यावरच फवारणी ठरवा.